व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या न्यूमोनियाचे वर्गीकरण कसे करावे

व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया आढळला, एवढ्यावरून तो व्हेंटिलेटरजन्य ठरत नाही. म्हणून एक्स-रे पाहण्याआधी रुग्ण दाखल झाल्याची आणि श्वासनलिकेत नळी घातल्याची, अशा दोन्ही वेळा केसपेपरवरून काढाव्यात. संसर्ग दाखल होतानाच असेल, तर पुढे त्याच आजारापायी व्हेंटिलेटर लावावा लागला तरी तो समाजात झालेला न्यूमोनियाच राहतो. दाखल झाल्यावर ४८ तास किंवा अधिक काळाने उद्भवला तर रुग्णालयजन्य, आणि नळी घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर उद्भवला तरच व्हेंटिलेटरजन्य म्हणावे. वॉर्डात न्यूमोनिया होऊन मग नळी घालावी लागलेल्या रुग्णाची गणना या शेवटच्या वर्गात करू नये.

वेळ जुळली तरी निदान पक्के करावे लागते. छातीच्या एक्स-रेमध्ये नवी किंवा वाढत जाणारी छाया हवी आणि तिच्या जोडीला ताप, श्वेतपेशींच्या संख्येतील बदल, पुवाळलेला स्राव किंवा खालावलेले ऑक्सिजन यांसारखे पुरावे हवेत. स्राव आणि ताप आहेत पण छाया नाही, तर ट्रेकिओब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिका व तिच्या फाट्यांच्या दाहाचा, विचार करावा. छाया असली तरी ती फुप्फुसात पाणी साचल्याने किंवा फुप्फुसाचा भाग आकसल्यानेही दिसू शकते. नळीतून ओढलेल्या स्रावात जंतू वाढले, हा एकटा पुरावा फारच लंगडा असतो, कारण नळीत जंतूंचे नुसते वास्तव्यही असते. कॅन्डिडा ही बुरशी तर बहुतेकदा अशीच सापडते.

पूर्वी व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनियाचे लवकर उद्भवलेला आणि उशिरा उद्भवलेला असे भाग पाडत. आता औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची जोखीम थेट तपासणे अधिक उपयोगी वाटते. २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनुसार मागील ९० दिवसांत शिरेतून दिलेली प्रतिजैविके, न्यूमोनियाच्या वेळी सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक घटणे), त्याआधीचा एआरडीएस (फुप्फुसांचे तीव्र निकामी होणे) किंवा तातडीचे डायलिसिस, तसेच त्यापूर्वी ५ किंवा अधिक दिवसांचा रुग्णालयातील मुक्काम हे जोखमीचे घटक आहेत. हा मुक्काम दाखल झाल्यापासून मोजायचा, नळी घातल्यापासून नव्हे.

संसर्ग नियंत्रण विभागाची नोंद मात्र वेगळ्या निकषांवर चालते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१३पासून प्रौढांसाठी आणलेल्या पद्धतीत तास न मोजता कॅलेंडरचे दिवस मोजतात आणि सुरुवात एक्स-रेऐवजी व्हेंटिलेटरच्या आकड्यांपासून होते. समजा, सोमवारी रात्री ११ वाजता नळी घातली, तर सोमवार हाच पहिला दिवस. सोमवारी आणि मंगळवारी पीपची (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो त्या दाबाची) दिवसातील किमान पातळी ५ होती, बुधवारी व गुरुवारी ती ८ झाली, तर ३ ची वाढ दोन दिवस टिकल्यामुळे बुधवारी व्हेंटिलेटरशी निगडित घटना नोंदली जाते, मग कारण न्यूमोनिया असो वा फुप्फुसात साचलेले पाणी. एफआयओटूची (दिल्या जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनच्या प्रमाणाची) किमान पातळी ०.२०ने वाढून तितकेच दिवस टिकली तरी हाच नियम लागू होतो. त्यानंतर तापमान किंवा श्वेतपेशींतील बदल आणि किमान चार दिवस चालू राहिलेले नवे प्रतिजैविक यांवरून संसर्गजन्य गुंतागुंत, आणि प्रयोगशाळेच्या पुराव्यावरून संभाव्य न्यूमोनिया, अशा पुढच्या पायऱ्या येतात. प्रतिजैविक चार दिवस चालते की नाही हे आधी कळत नसल्यामुळे ही नोंद मागाहूनच पूर्ण होते आणि खाटेजवळ उपचार ठरवताना तिचा आधार घेता येत नाही.