नाट्यसमूहाचे सभासदत्वाचे नियम ठरवताना या चुका टाळा

नाट्यसमूहातली भांडणे वरकरणी भूमिकांवरून किंवा पैशांवरून होतात; पण सभासद नेमके कोण, हे कोणी लिहून ठेवलेले नसते, हे त्यांचे मूळ बहुतेकदा उशिरा लक्षात येते.

प्रयोगात काम केले म्हणजे सभासद झाला, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आमच्या समूहात एकदा जुने नेपथ्य मोडीत काढावे की ठेवावे यावर मतदान झाले, चौदा हात वर झाले, आणि मोजणीनंतर कोणीतरी सहज विचारले, ‘‘यातले सभासद किती?’’ तिघांनी तीन आकडे सांगितले: नऊ, अकरा आणि चौदा. ते नेपथ्य पुढे कितीतरी दिवस तालमीच्या खोलीत वाट अडवून उभे होते. म्हणून मताधिकार असलेले सभासद आणि एखाद्या निर्मितीपुरते सहयोगी असे दोन वर्ग करून, प्रवेशाची तारीख नोंदवणारी यादी दरवर्षी नव्याने तयार करावी. प्रवेशासाठी किमान दोन निर्मितींत सहभाग आणि त्यांपैकी एकीत रंगमंचामागचे काम, अशी अट मला फार उपयोगाची वाटते, कारण सामान उचलण्याच्या वेळी कोण थांबतो हे तिथे आपोआप कळते.

दुसरी चूक एकमताच्या नावाखाली होते. रात्री तालीम संपल्यावर, वेशभूषेचे कपडे आवरता आवरता काही ठरते, लवकर निघालेल्यांना ते दुसऱ्या दिवशी समजते, आणि उपस्थितांपैकी जे गप्प राहिले त्यांचीही संमती धरली जाते. निर्णयाचा विषय आधी कळवावा, गणसंख्या, म्हणजे निर्णयासाठी किमान किती सभासद हजर हवेत ते, ठरवावी आणि ‘मला पटत नाही, पण मी अडवत नाही’ व ‘माझा विरोध आहे’ या दोन भूमिका इतिवृत्तात वेगळ्या नोंदवाव्यात. विरोध करणाऱ्याने कारण द्यावे, आणि पुढच्या सभेतही तोडगा निघाला नाही तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय व्हावा.

सर्वांना समान मत असल्यामुळे पात्रनिवडही मतदानाने व्हावी, असा आग्रह मात्र धरू नये. पॅरिसमध्ये 1964 साली सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या ‘तेआत्र द्यु सोलेय’ या नाट्यसमूहाने समान वेतनाचे तत्त्व स्वीकारले, तरी तिथे दिग्दर्शनाची धुरा प्रामुख्याने आरियान म्नुश्किन यांच्याकडेच राहिली. कोणते नाटक करायचे, खर्च किती आणि तारखा कोणत्या, हे सभेने ठरवावे. भूमिका कोणाला द्यायच्या हे त्या निर्मितीच्या दिग्दर्शकावर सोडावे.

हिशेबाबद्दल इतकेच, की बँकेच्या व्यवहारांवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत.

सभासद बाहेर पडतो तेव्हाचे नियम मात्र प्रेमाचे संबंध असतानाच करावेत. तालमीत सर्वांनी मिळून रचलेल्या संहितेचे हक्क कोणाचे, एखाद्याने घरून आणलेले सामान परत कधी द्यायचे, वर्षभर रजेवर गेलेल्याचे मत राहते की स्थगित होते, हे पहिल्या वाचनाच्या सुमारास लिहून सह्या घ्याव्यात. त्यातूनही वाद निघालाच, तर तो मिटेपर्यंत संबंधित नियमात बदल करू नये, आणि नंतर केलेला बदल फक्त पुढच्या निर्मितींना लागू करावा.