तिसरा स्विच स्टॅकमध्ये येईना तेव्हा

आमच्या कार्यालयात सिस्को कॅटॅलिस्ट ३८५० मालिकेचे दोन स्विच (संगणक नेटवर्कमध्ये जोडणारी यंत्रे) स्टॅक करून, म्हणजे खास केबलने एकत्र जोडून, एकच यंत्र म्हणून चालत होते. त्यांना तिसरा जोडला, तेव्हा ‘शो स्विच’ या कमांडमध्ये त्याच्यापुढे ‘रेडी’ऐवजी ‘व्ही-मिसमॅच’ दिसू लागले. म्हणजे केबल ठीक होती, परंतु सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नव्हती. संपूर्ण स्टॅकचे नियंत्रण एकच सक्रिय स्विच करत असल्यामुळे सर्व सदस्यांवर तीच आवृत्ती आणि तीच लायसन्स पातळी (कोणत्या सुविधा वापरता येतील हे ठरवणारा परवाना) असावी लागते. आवृत्ती आपोआप जुळवण्याची सोय इन्स्टॉल मोडमध्येच (सॉफ्टवेअर सुट्या पॅकेजेसच्या रूपात स्विचवर बसवलेले असताना) चालते आणि नवा स्विच बंडल मोडमध्ये, म्हणजे एकाच अखंड फाइलवरून चालणारा, होता. म्हणून तो बाजूला काढून त्यावर यूएसबीवरून तीच आवृत्ती इन्स्टॉल मोडमध्ये बसवली, तो बंद केला, केबल जोडल्या आणि मगच वीज दिली. हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चालू स्विच तसाच चालू स्टॅकला जोडला, तर दोन सक्रिय स्विचमध्ये निवड होऊन हरलेली बाजू रीलोड होते, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि ती बाजू लोक काम करत असलेलीही असू शकते.

त्याच वेळी पहिल्या स्विचची प्रायॉरिटी (सक्रिय स्विच निवडताना पाहिला जाणारा आकडा; जास्त असेल त्याला प्राधान्य) १५ आणि दुसऱ्याची १४ केली. मूळ मूल्य सर्वांचे १ असते आणि बरोबरी झाल्यास कमी मॅक ॲड्रेसचा (यंत्राच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा) स्विच निवडला जाऊ शकतो. मात्र हा बदल पुढच्या निवडीपासूनच लागू होतो. शेवटी तिसऱ्या स्विचची केबल पहिल्याला परत जोडून वर्तुळ पूर्ण केले, कारण ते अर्धवट राहिल्यास स्टॅकची बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) निम्मी होते आणि पुढे एक केबल तुटताच स्टॅक दुभंगतो.