व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल – लढाई कधी करावी, कशी करावी

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा पत्त्यांचा खेळ १९९४ साली ‘जिहाद’ या नावाने बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं नाव ‘व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल’ झालं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. प्रत्येक भिडू म्हणजे एक मेथुसेला, पडद्याआडून सूत्रं हलवणारा अतिप्राचीन व्हँपायर. नवे खेळाडू बहुतेक वेळा मारामारीच्या डेककडे ओढले जातात, आणि त्यात नवल नाही, कारण या खेळातली लढाई खरोखरच रंगतदार आहे. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. समोरचा व्हँपायर लोळवल्याबद्दल गुण मिळत नाही. गुण मिळतो तो तुमच्या डावीकडच्या भिडूचा पूल, म्हणजे त्याला खेळात टिकवणारा साठा, शून्यावर आला की. लढाई करायची ती तिथवरची वाट मोकळी करण्यासाठी.

मांडणी

प्रत्येकाकडे सुरुवातीला ३० पूल असतात. गड्ड्या दोन: क्रिप्टमध्ये किमान १२ व्हँपायर आणि लायब्ररीत ६० ते ९० पत्ते. हातात ७ पत्ते घ्यायचे आणि एक खेळला की लगेच दुसरा उचलायचा. डावीकडचा भिडू तुमचं सावज, उजवीकडचा तुमचा शिकारी.

क्रिप्टमधले ४ व्हँपायर उपडे ठेवून डाव सुरू होतो. ट्रान्सफर, म्हणजे रक्त हलवण्याच्या संधी, वापरून स्वतःच्या पूलमधलं रक्त त्यांच्यावर ठेवायचं. क्षमता, म्हणजे त्याच्या पत्त्यावरचा आकडा, भरली की व्हँपायर मैदानात उतरतो. पहिल्या फेरीत पहिल्या भिडूला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ ट्रान्सफर मिळतात. बाकी सगळ्यांना आणि पुढे कायम ४. म्हणजे ८ क्षमतेचा व्हँपायर आणायला ३० पैकी ८ पूल खर्ची पडतात. तो उगाचच्या मारामारीत गेला, तर जवळपास पाव पूल पाण्यात गेला असं समजा.

लढाई सुरू कशी होते

सावजावर ब्लीड करणं, म्हणजे थेट त्याच्या पूलवर घाव घालणं, ही सगळ्यात साधी चाल. कुठलंही कार्ड न लावता १ पूल कमी होतो. थेट कुणावर रोखलेली चाल फक्त तोच भिडू अडवू शकतो. कुणावरही न रोखलेली चाल, उदाहरणार्थ शस्त्र घेणं, तुमचं सावज किंवा तुमचा शिकारी अडवू शकतो. अडवणाऱ्याचा इंटरसेप्ट (अडवण्याचं बळ) तुमच्या स्टेल्थइतका (लपून जाण्याचं बळ) किंवा जास्त असला की चाल फसते, त्यासाठी लावलेलं चालीचं कार्ड जळतं आणि दोघे एकमेकांना भिडतात. जो व्हँपायर लॉक झाला आहे, म्हणजे चाल करून आडवा ठेवला आहे, त्याला एरवी अडवता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ‘बम्स रश’सारखं कार्ड, ज्याने तुम्ही स्वतःहून दुसऱ्याच्या व्हँपायरवर चालून जाता. लढाईचा डेक यावर उभा असतो, कारण समोरचा कधी अडवेल याची वाट बघत बसलं तर हातातले लढाईचे पत्ते तसेच पडून राहतात.

एक फेरी, क्रमाक्रमाने

हा क्रम घोकून पाठ करावा असाच आहे. पत्ता चांगला असूनही तो चुकीच्या क्षणी काढला, म्हणून हरलेल्या लढाया या खेळात भरपूर सापडतात. लक्षात ठेवा, प्रत्येक टप्प्यावर पहिली संधी चाल करणाऱ्याची.

आधी अंतर ठरतं. कुणी काही केलं नाही तर अंतर जवळचं. मॅन्युव्हर (अंतर बदलणारी हालचाल) लावून ते लांबचं करता येतं. समोरचा स्वतःचा मॅन्युव्हर लावून ते पुन्हा जवळ आणू शकतो. हाताचा प्रहार फक्त जवळून चालतो. लांबून मारायला बंदूक किंवा तशी शक्ती लागते, ‘.४४ मॅग्नम’ २ नुकसान करते आणि दर लढाईत एक मॅन्युव्हरही देते, म्हणून ती इतकी लोकप्रिय.

अंतर ठरल्यावर, प्रहार निवडण्याआधी एक छोटी खिडकी असते. मग प्रहार: चाल करणारा आधी सांगतो, समोरचा नंतर. इथे अडवणाऱ्याचं पारडं जड होतं, कारण त्याला तुमचा प्रहार बघून उत्तर देता येतं. प्रहार एकाच वेळी लागू होतात, अपवाद ‘लढाई संपली’ या प्रकारच्या प्रहारांचा. ते सगळ्यात आधी लागतात आणि तुमचा ठोसा हवेतच राहतो. डॉज लावला तर समोरच्याचा प्रहार अंगाला लागत नाही. नंतर जादा प्रहार असतील तर ते. शेवटी प्रेस: कुणी प्रेस लावला तर पुढची फेरी, नाहीतर लढाई तिथेच थांबते. समोरचा प्रेसला प्रेसने उत्तर देऊन तो रद्दही करू शकतो.

आता त्या छोट्या खिडकीकडे वळू. समोरच्याकडे ‘मॅजेस्टी’ आहे असं धरा. प्रेझेन्स या व्हँपायरी शक्तीचं हे कार्ड लढाई संपवतं आणि शक्तीच्या वरच्या पातळीवर लावलं तर वापरणाऱ्या व्हँपायरला अनलॉकही करतं. तुम्ही ३ नुकसानीचा ठोसा जाहीर केला, त्याने मॅजेस्टी टाकली, संपलं. पण तुमच्याकडे पोटेन्स या शक्तीचं ‘इम्मॉर्टल ग्रॅपल’ असेल, तर ते प्रहार निवडण्याआधीच लावा. त्या फेरीत दोघांनाही हाताचेच प्रहार करावे लागतात आणि मॅजेस्टी त्याच्या हातात अडकून पडते. वरच्या पातळीवर ग्रॅपल सोबत एक प्रेसही देतं. समजा त्याच्या व्हँपायरकडे ४ रक्त आहे आणि तुमची ताकद १. ‘अनडेड स्ट्रेंग्थ’ वरच्या पातळीवर लावलंत की ठोसा ३ चा. त्याचं रक्त १ वर आलं. प्रेस लावा, दुसऱ्या फेरीत पुन्हा ग्रॅपल, पुन्हा ३, आणि तो टॉर्परमध्ये, म्हणजे निपचित पडलेल्या अवस्थेत.

ग्रॅपलची मर्यादाही तिथेच आहे: ते फक्त जवळून लागतं. समोरच्याने एक मॅन्युव्हर लावून अंतर वाढवलं की ग्रॅपल खेळताच येत नाही. म्हणून पोटेन्सच्या डेकमध्ये मॅन्युव्हर कमी घालणं ही मला सगळ्यात महागात पडणारी काटकसर वाटते.

नुकसान आणि टॉर्पर

साध्या नुकसानीच्या प्रत्येक बिंदूमागे व्हँपायर १ रक्त जाळून जखम भरतो. रक्त अपुरं पडलं की टॉर्पर. अ‍ॅग्रव्हेटेड नुकसान वेगळं: ते रक्ताने भरून निघत नाही. ५ रक्त असलेल्या व्हँपायरला प्रोटियन शक्तीच्या नखांचा एकच ओरखडा बसला, तरी तो रक्तासकट टॉर्परमध्ये जातो. त्याच माऱ्यात आणखी अ‍ॅग्रव्हेटेड बिंदू असतील तर प्रत्येकासाठी १ रक्त जाळावं लागतं; तेवढं नसेल तर तो कायमचा जळतो. त्यावर उतारा एकच, नुकसान होण्याआधी रोखणारी कार्डं, आणि त्यात फॉर्टिट्यूड या शक्तीचा हात कुणी धरत नाही.

टॉर्परमधला व्हँपायर अडवू शकत नाही. तुमचं खरं काम इथून सुरू होतं. सावजाचे अडवणारे आडवे झाले की त्याच पाळीत उरलेल्या व्हँपायरना ब्लीडला पाठवा. उशीर केलात तर तो २ रक्त खर्चून उठेल किंवा कुणीतरी त्याला सोडवेल. त्याला डायब्लरीने, म्हणजे त्याचं रक्त पिऊन, संपवण्याचा मोह होतो. त्याचं रक्त आणि शस्त्रं मिळतात हे खरं, पण लगेच ब्लड हंटचं, म्हणजे त्याबद्दल शिक्षा द्यायची का याचं, मतदान होतं आणि ते मंजूर झालं तर तुमचा व्हँपायर जळतो. टेबलावर मतांचा गठ्ठा कुणाकडे आहे ते आधी बघा, मगच दात लावा.

कुणाला मारावं

सावजाला मारा, पूल पडेपर्यंत. शिकाऱ्याला मारताना मात्र हात राखून ठेवा. त्याला पार लोळवलंत तर त्याच्या मागचा भिडू त्याला आरामात बाद करतो, १ गुण आणि ६ पूल खिशात घालतो आणि तुमचा नवा शिकारी म्हणून ताजातवाना समोर उभा राहतो. शिकाऱ्याचा एखादा व्हँपायर पाडून त्याचा ब्लीड तुम्हाला झेपेल इतका खाली आणला की थांबावं. सावजाच्या पलीकडच्या भिडूला झोडपणं तर आणखी वाईट: तो बाद झाला की गुण आणि ६ पूल तुमच्या सावजालाच मिळतात.

हात वाहता ठेवा

लढाईच्या पत्त्यांना एकमेकांची गरज असते, आणि ७ पत्त्यांत ५ ग्रॅपल आले तर काहीच हलत नाही. पहिला डेक बांधताना साधारण ८० पत्ते धरा. ग्रॅपल जितके, तितकेच जोरदार ठोसे, त्यांच्या निम्मे मॅन्युव्हर. ‘टेस्ट ऑफ व्हिटे’ तीन-चार हवेतच, कारण फेरी संपताना समोरच्याने गमावलेलं रक्त ते तुमच्या व्हँपायरला देतं आणि रक्त मिळवायला शिकारीला जाण्यात वाया जाणारी चाल वाचते. ब्लीड वाढवणाऱ्या पत्त्यांना मात्र डेकमध्ये मानाची जागा द्या. त्यांच्यावाचून पाडलेले व्हँपायर नुसते पडून राहतात आणि सावजाचा पूल जागचा हलत नाही. पाळीच्या शेवटी डिस्कार्ड टप्प्यात एक पत्ता टाकून नवा उचलता येतो. ती संधी दर पाळीला घ्या, आणि टाकताना पुढच्या लढाईत कोण समोर असेल ते बघून टाका: त्याच्याकडे बंदुका असतील तर मॅन्युव्हर ठेवा, प्रेझेन्स असेल तर ग्रॅपल.