विश कोणासाठी मागायची, ते आधी ठरवा

पोकेमॉन गेममधली विश ही एचपी (जीव) भरून देणारी मूव्ह, म्हणजे चाल, बरेच जण स्वतःलाच बरं करायला वापरतात. एक टर्न वाया गेल्यासारखी वाटते, तेवढ्यात समोरचा दणका देतो, आणि दोन-चार मॅचनंतर विश टीममधून जाते. चूक मूव्हची नसते. विशचा खरा उपयोग जखमी साथीदाराला पुन्हा उभं करण्यात आहे, आणि तो साथीदार कोण, हे बटण दाबण्याआधी ठरलेलं असायला हवं.

विश मागितली त्या टर्नला काहीच मिळत नाही. पुढच्या टर्नच्या शेवटी त्या जागेवर जो उभा असेल, त्याला एचपी मिळतात. पंगतीत पान मांडून ठेवावं तसं हे आहे: पानावर येऊन बसेल त्याला वाढायचं, पण वाढणाऱ्याच्या मापाने. 2002 च्या रूबी-सफायर गेममध्ये ही मूव्ह आली तेव्हा घेणाऱ्याच्या कमाल एचपीच्या निम्मे मिळत. 2010 च्या ब्लॅक-व्हाइटपासून मागणाऱ्याच्या निम्मे मिळतात. सगळी गंमत या बदलात आहे.

लेव्हल 100 ला, एचपीत 252 एफर्ट पॉइंट (सरावाने वाढवायचे गुण) घालून, अलोमोमोला या पोकेमॉनचे एचपी 534 होतात, म्हणजे विश 267 ची. वेपोरिऑनचे 464, विश 232. अम्ब्रिऑन आणि सिल्व्हिऑन 394 वर थांबतात, विश 197. आता घेणारा बघा. एचपीत काहीच न घातलेल्या ड्रॅगापल्टचे एकूण एचपी 317. अलोमोमोलाची एक विश त्याला सुमारे 84 टक्के भरून देते. तीच विश 714 एचपीच्या ब्लिसीला दिली तर 37 टक्केच. म्हणून मागणारा जाडजूड आणि घेणारा सडपातळ, ही जोडी जमवा. मागणाऱ्याच्या एचपीत 252 पूर्ण घालाच. तिथे हात आखडता घेतला की प्रत्येक विश बारीक होते.

साधी पद्धत विश-प्रोटेक्टची; प्रोटेक्ट म्हणजे त्या टर्नचा हल्ला अडवणारी मूव्ह. पहिल्या टर्नला विश, दुसऱ्या टर्नला प्रोटेक्ट, टर्नच्या शेवटी एचपी जमा. प्रोटेक्ट लागोपाठ दुसऱ्यांदा लावला तर चालण्याची शक्यता एक-तृतीयांशावर येते, पण मध्ये विश आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मात्र हा ठेका ओळखायला सोपा आहे. बडोद्यात कमाटीबागेच्या बाकावर किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या ओट्यावर फोन घेऊन शोडाउन (पोकेमॉनच्या लढतींची वेबसाइट) खेळणाऱ्यांना समोर बहुधा रोजचीच मंडळी मिळतात, आणि त्यांना तुमची टीम पाठ असते. प्रोटेक्ट येणार हे कळलं की ते त्या टर्नला निवांत स्वोर्ड्स डान्स लावतात आणि हल्ला दुप्पट करून घेतात. समोर असा वाढत जाणारा गडी असेल तर प्रोटेक्ट टाळा आणि विश दुसऱ्याकडे द्या.

देताना खरी अडचण अशी, की नेहमीसारखी अदलाबदल केली तर येणारा आधी मार खातो आणि मग त्याला एचपी मिळतात. तो मार सोसून जिवंत राहिला तरच विशला अर्थ. शिवाय समोरच्याने जमिनीवर स्टेल्थ रॉक हा दगडी सापळा लावला असेल तर उतरतानाच साधारण पोकेमॉनचे एक-अष्टमांश एचपी जातात, आणि चारिझार्डसारख्या दगडापुढे चौपट कमकुवत असलेल्याचे निम्मे. निम्म्यावर किंवा त्याखाली आलेला चारिझार्ड विश घ्यायला उतरला तर उतरताच पडेल. त्याच्याकडे अशा सापळ्यांपासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स हवेत. स्पाइक्स या काट्यांच्या सापळ्याचे तीन थर असले तर जमिनीवर चालणाऱ्याचे पाव एचपी जातात. हा हिशेब विश मागण्याआधी करायचा.

म्हणूनच स्कार्लेट-व्हायोलेटमधला अलोमोमोला आणि फ्लिप टर्न (फटका मारून लगेच अदलाबदल करणारी मूव्ह) ही जोडी इतकी मोलाची आहे. पहिल्या टर्नला विश. दुसऱ्या टर्नला समोरचा वेगवान गडी आधी अलोमोमोलावर हल्ला करतो, त्यानंतर अलोमोमोला फ्लिप टर्न मारून बाहेर पडतो, साथीदार एकही फटका न खाता आत येतो आणि टर्नच्या शेवटी त्याला 267 मिळतात. अलोमोमोलाची अबिलिटी (अंगचा गुण) रीजनरेटर असेल तर बाहेर पडताना त्याचेही एक-तृतीयांश एचपी, म्हणजे 178, भरून येतात. यात अलोमोमोलाची चाल समोरच्यानंतर येणं गरजेचं आहे. त्यासाठी वेग घटवणारा रिलॅक्स्ड किंवा सॅसी स्वभाव घ्या, वेगाचे आयव्ही (जन्मजात गुण) 0 ठेवा; वेग 121 वर उतरतो. समोरचा त्याहूनही मंद असेल तर हिशेब उलटतो आणि फटका साथीदाराला बसतो.

फ्लिप टर्न हा पाण्याचा हल्ला आहे, हे विसरू नका. पाण्याचा हल्ला निष्फळ करणाऱ्या स्टॉर्म ड्रेनवाल्या गॅस्ट्रोडॉनवर किंवा वॉटर अब्सॉर्बवाल्या वेपोरिऑनवर तो मारला तर अदलाबदल होतच नाही, अलोमोमोला तिथेच उभा राहतो. समोरच्याने प्रोटेक्ट लावला तरी तेच.

बाकी कुठे फसते? एक विश यायची असताना दुसरी मागितली तर ती फुकट जाते. हल्ला सोडून बाकी मूव्ह बंद करणारा टॉन्ट लागला की तीन टर्न विशही नाही, प्रोटेक्टही नाही. पण आधीच मागितलेली विश मात्र येतेच. रोर आणि व्हर्लविंड या मूव्ह प्रोटेक्टला जुमानत नाहीत. ते तुमच्या गड्याला हाकलतात आणि जो भलताच आत येतो त्याला विश मिळते. वाळूचं वादळ विशच्या आधी एक-षोडशांश एचपी खातं, त्यामुळे अगदी थोड्यावर उरलेला गडी विश पोहोचण्याआधीच पडू शकतो. विष आणि भाजणं यांचं नुकसान विशनंतर होतं, पण विश ते बरं करत नाही. डबल्समध्ये, म्हणजे दोन-दोन पोकेमॉनच्या लढतीत, विश शेजारच्याला लागत नाही, तिथे हील पल्स ही मूव्ह घ्या.

शोडाउनवर विश निवडली की झालं. स्विचवरच्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये वेपोरिऑनसाठी आधी ईवीला ती शिकवावी लागते. डेलिबर्ड प्रेझेंट्स या गेममधल्या दुकानात 30,000 ला मिरर हर्ब (सोबत्याची मूव्ह शिकवणारी वस्तू) मिळतं. ईवीची एक मूव्ह विसरायला लावून जागा रिकामी करा, तिच्या हाती हर्ब द्या, विश येणारा अलोमोमोला सोबत घ्या आणि पिकनिक लावा. पिकनिक आटोपल्यावर ईवीच्या मूव्ह तपासा. विश दिसली की मगच वॉटर स्टोन देऊन वेपोरिऑन करा. एफर्ट पॉइंटसाठी एचपी अप ही औषधं 26 लागतात, प्रत्येकी 10,000 चे. पैसे नसतील तर पॉवर वेट ही वस्तू धरायला देऊन 28 लेचॉन्क पोकेमॉन हरवा. प्रत्येकामागे 9, म्हणजे नेमके 252.