पर्पल हार्ट: जांभळा रंग उतरू न देता कसं वाढवावं

पर्पल हार्ट हे जांभळ्या पानांचं शोभेचं झाड मूळचं पूर्व मेक्सिकोतलं. नर्सरीत ते ‘सेटक्रेशिया’ या जुन्या नावानंही मिळतं. हे झाड जगवणं सोपं आहे, पण त्याचा गडद जांभळा रंग टिकवायला लक्ष द्यावं लागतं. सावलीत पानं हिरवट पडतात आणि पेरांमधलं अंतर वाढतं (पेर म्हणजे खोडावर पान फुटतं ती गाठ). म्हणून आधी जागा ठरवा: रोज किमान 4-5 तास थेट ऊन हवं.

विकत रोप घ्यायची गरज नाही, शेजाऱ्यांकडून चार फांद्या मागा. शेंड्याकडचे 10-12 सेंटिमीटरचे तुकडे पेराच्या जरा खाली कापा आणि खालची दोन पानं काढा. मुळं पेरांतूनच फुटतात, त्यामुळे निदान एक पेर मातीत गेलं पाहिजे. कापताना हातमोजे घाला, कारण चिकानं काहींच्या त्वचेला खाज सुटते. कुत्र्या-मांजरांनाही पानं चघळू देऊ नका.

8 इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत भरा. एकच तुकडा लावला तर कुंडी बराच काळ बोडकी दिसते, म्हणून 5-6 तुकडे कडेनं गोलाकार लावा. पहिला आठवडाभर कुंडी उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवा, मग हळूहळू उन्हात सरकवा.

वरची इंचभर माती सुकली की पाणी घाला. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. खोड बुडाशी मऊ, काळपट झालं तर ती कूज असते. तेव्हा वरचा निरोगी शेंडा कापून नव्या मातीत लावा, जुनं मूळ वाचवत बसू नका. खत महिन्यातून एकदा मूठभर पुरे. नत्र जास्त झालं की वाढ फोफावते, पण रंग फिका पडतो.

छाटणीला मात्र कचरू नका. शेंडे वरचेवर खुडले की बगलेतून नवे फुटवे येतात. न खुडल्यास फांद्या खाली लोंबतात, बुडाची पानं वाळतात आणि मधला भाग उघडा पडतो. तसं झालंच तर उन्हाळा संपताना सगळ्या फांद्या मातीपासून 5-7 सेंटिमीटरवर कापा. पावसात पुन्हा दाट फुटतं. फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे कुंडी वाटेत टांगू नका. तुटलेले तुकडे त्याच कुंडीत खोचा.

पान खोडाला जिथं वेढतं तिथं पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यानं पुसा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. तीन पाकळ्यांची गुलाबी फुलं सकाळी उमलून त्याच दिवशी मिटतात, तो रोग नव्हे.