फळे चिरण्याची सुरी आणि तिच्यासाठी सागवानी पेटी

हाताने सुरी घडवायची म्हटले की अनेकांची नजर भंगारातल्या कमानपाट्याकडे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीकडे) किंवा जुन्या कानशीकडे जाते. पहिल्या सुरीसाठी ती वाट मी सुचवणार नाही, कारण त्या पोलादात कार्बन किती आहे याचा नेमका अंदाज नसतो आणि वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीरही असू शकते. त्याऐवजी सुमारे ०.७५ ते ०.८५ टक्के कार्बन असलेली, २.५ मिमी जाडीची पट्टी विकत घ्यावी. पाते १० सेंटीमीटर, मूठ ११ सेंटीमीटर आणि रुंदी २५ मिमी असा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून हातात धरून पाहावा; मूठ तळव्यात नीट बसते की नाही हे पुठ्ठाही बऱ्यापैकी सांगतो.

आकार हॅकसॉने कापून कानशीने साफ करावा आणि मुठीच्या पितळी खिळ्यांसाठी ५ मिमीची भोके याच टप्प्यावर पाडून घ्यावीत, कारण पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम गार करून कठीण केलेल्या, पोलादावर साधे ड्रिल चालत नाही. धारेच्या कडेवर मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंनी सारखा उतार काढावा, मात्र कड ०.८ ते १ मिमी जाड ठेवावी. ती आत्ताच पातळ केली, तर पाणी देताना पाते वाकते किंवा धारेला तडा जातो.

पात्याचा खरा कस भट्टीत लागतो, म्हणून या कामाला सबंध दिवस राखून ठेवावा. काम उघड्या जागेत, पण सावलीत करावे. भर उन्हात पोलादाचा रंग फसवा दिसतो. पाते सगळीकडे सारखे तापवत न्यावे आणि मधूनमधून चुंबक लावून पाहावे. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी किंचित उजळेपर्यंत, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास, तापवून पाते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात टोकाकडून सरळ उभे बुडवावे. तेलात ते धार आणि पाठ यांच्या दिशेने मागेपुढे हलवावे, बाजूला हलवल्यास हमखास बाक येतो. तेलाचे भांडे लोखंडी व खोल असावे, त्याचे झाकण हाताशी असावे आणि तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कदापि ओतू नये.

गार झालेल्या पात्यावर कानस न कापता घसरली, तर पाणी चांगले बसले असे समजावे. मात्र अशा स्थितीत पाते काचेसारखे ठिसूळ असते, हातातून पडले तरी तुटू शकते. त्यामुळे त्याच दिवशी ते घासून चकचकीत करावे आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास असे दोनदा तापवावे. पृष्ठभागावर वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चढला, की कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ जमलेला असतो. घरगुती ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. यापुढे जाड ठेवलेली कड पातळ करून धार काढण्यासाठी घासताना पाते वारंवार पाण्यात बुडवत राहावे. धारेवर निळा रंग उमटला, तर तेवढ्या भागातली कठीणता गेली असे समजावे.

मुठीसाठी वाळलेले शिसम उत्तम. दोन फळ्या अराल्डाइट आणि पितळी खिळ्यांनी बसवाव्यात. शिकंजा अति आवळल्यास डिंक बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. शिसमाची भुकटी श्वासाला बाधते, म्हणून घासताना मास्क लावावा.

पेटी सुरी पूर्ण झाल्यावरच मापावी. ८ मिमी जाडीच्या सागवानी पट्ट्या रंध्याने सरळ करून, कोपरे गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावून पाहत जोडाव्यात. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने सांध्याची जागा डिंक लावण्यापूर्वी थिनरने पुसावी. तळाची फळी खाचेत नुसती सरकवावी, चिकटवू नये. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि जखडलेली फळी सांधे उघडते. सरकते झाकणही याच कारणाने रुंदीला जवळपास १ मिमी सैल ठेवावे. आतल्या ठोकळ्यात पटाशीने अशी खाच कोरावी, की सुरी मुठीवर आणि पाठीवर टेकेल आणि धार कशालाही लागणार नाही. सुरी पेटीत ठेवण्यापूर्वी कोरडी करून पात्याला खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा.

मूठ आणि पेटी यांना जवसाचे तेल पातळ लावून, मुरल्यावर जास्तीचे पुसून घ्यावे. या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, त्यामुळे त्या मोकळ्या जागेत पसरून पूर्ण वाळवूनच फेकाव्यात.