आधी सांगा, मग हात लावा

वॉर्डात नवीन होते तेव्हाची गोष्ट. पहाटे पाचला एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगावरची चादर मी सरळ ओढली. बीपी घ्यायचं होतं आणि पुढे अकरा पेशंट बाकी होते. डोळे उघडायच्या आधी बाईंनी माझं मनगट धरलं. निवृत्त शिक्षिका त्या, पकडही तशीच. "नाव काय तुझं?" मी सांगितलं. "हे आधी सांगायचं. मग हात लावायचा."

त्याला तेवीस वर्षं झाली. आता मी साताऱ्यात घरोघरी जाऊन वयस्क पेशंटचं बघते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले सगळ्यात जास्त. शिकाऊ सिस्टर आणि फिजिओथेरपी शिकणारी मुलं बरोबर येतात, त्यांना जे दहादा सांगते तेच इथे लिहिते आहे.

घरात शिरल्यावर पहिलं काम हाक ठरवणं. सरसकट "आजी, आजोबा" करू नका. कोणाला सगळी गल्ली आक्का म्हणते, कोणी आयुष्यभर मास्तर होते, कोणाला साहेब म्हटल्याशिवाय बरं वाटत नाही. "तुम्हाला काय म्हणू?" एवढं विचारायला काही खर्च नाही. आणि लहान बाळाशी बोलतात तसं "आपण आता गोळी खायची हं" अजिबात नको. गोळी त्या खाणार आहेत, तुम्ही नाही.

ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. ओरडलं की आवाज चिरका होतो, तो आणखीच कळत नाही. समोर बसा, ओठ दिसू द्या, आवाज जरा खाली आणा. मशीन कानात असेल तर आधी त्याचा सेल बघा. निम्म्या वेळा तो संपलेला असतो आणि घरचे म्हणत असतात, "हल्ली लक्षच देत नाही."

भाषाही शिकावी लागते. माझ्याबरोबरच्या एका मुलीला एक आक्का चारदा म्हणाल्या, "परसाकडला जायचंय." म्हणजे संडासला. तिला वाटलं, मागच्या अंगणात बसायचंय. ऊन फार आहे म्हणून तिने नको सांगितलं. पुढे गादी बदलावी लागली, आणि त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. आपलीच चूक होती ती.

आता अंग पुसणं. दार लावा, पडदा ओढा, बाकीच्यांना बाहेर काढा. मुलगा असला तरी. गरम पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा. एका वेळी एकच भाग उघडा, पुसा, कोरडा करा, झाका, मग पुढचा. प्रत्येक वेळी सांगत जा: आता पाठ, आता डावा पाय. तोंड आणि मांड्यांमधला भाग जमत असेल तर त्यांनाच पुसू द्या. फडकं पिळून हातात द्या आणि मान वळवा. वेळ लागतो. लागू दे.

कपड्यांबद्दल कोणी शिकवत नाही म्हणून जरा लांबण लावते. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला ऑपरेशननंतर गाऊन घालतात. सोयीचंच आहे ते, कासोटा घालायला वाकावं लागतं. पण गाऊनमध्ये त्यांना उघडंवाघडं वाटतं. एक आक्का फिजिओ मुलगा आला की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. त्याने लिहून ठेवलं, "पेशंट सहकार्य करत नाही." मी त्यांच्या जुन्या लुगड्याचा अर्धा तुकडा गाऊनवरून गुंडाळला आणि खांद्यावरून पदर काढून दिला. पदर डोक्यावर आला आणि आक्का उठून बसल्या. त्या दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत गेल्या. तुकडा मात्र घोट्याच्या वर राहू द्या, पायात आला तर दुसरं हाड मोडेल.

खुब्याचा गोळा बदलला असेल तर मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर बसणं, पायावर पाय टाकणं बंद. किती दिवस, ते ऑपरेशनच्या पद्धतीवर असतं, सर्जनना विचारा. कुशीवर वळवताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे कमरेच्या खाली राहतील. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. घरचे हे सगळं ऐकतात, पण देवपूजेला आजी पाटावर बसल्याशिवाय राहत नाहीत. नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. आम्ही देव उंच टेबलावर आणले आणि पुढे हाताची खुर्ची ठेवली. एक दिवस कुरकुर झाली, मग जमलं.

उठवताना घाई करू नका. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवा, पावलं वरखाली करायला सांगा, गरगरतंय का विचारा. वय झालं की उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. वरचा आकडा 20 ने किंवा त्याहून जास्त खाली आला तर डॉक्टरांना कळवा. काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरीवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

फिजिओ येणार म्हटलं की पेशंटच्या पोटात गोळा येतो, कारण दुखतं. म्हणून सिस्टर आणि फिजिओने एकमेकांना फोन करा. व्यायाम अकराचा असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी सव्वादहाच्या सुमारास पोटात गेलेली हवी. एवढ्या एका फोनने जे होतं, ते तासभर समजावून होत नाही. आणि "वीस पावलं" म्हणू नका, "तुळशीपर्यंत" म्हणा.

पडून राहून होणाऱ्या पाठीच्या जखमा. दर दोन तासांनी कूस बदला, हवेची गादी असली तरी. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. लाल डागावर बोट दाबून सोडा. पांढरा पडला नाही तर जखम सुरू झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का बघा. त्या जागी चोळायचं नाही आणि अंगाखाली देतात ती हवेची रिंग माळ्यावर टाका; तिच्या कडेने रक्त आणखी अडतं.

रात्री अचानक असंबद्ध बोलायला लागले तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ऑपरेशननंतर चौथ्या रात्री एक बाई मला म्हणाल्या, "घंटा झाली, मुलं आत घे." मी वाद घातला नाही, "घेते" म्हटलं, दिवा लावला, चष्मा दिला. मग बघितलं: चार दिवस पोट साफ नव्हतं, लघवी थेंबथेंब होत होती. सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन केला. ताप, लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, एखादं नवं औषध, यातलं काहीही असू शकतं. तिसऱ्या दिवशी त्या मला ओळखून म्हणाल्या, "तू परवा रात्री इथेच होतीस का गं?"

शेवटी वही. दोनशे पानी, पलंगाशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली. बीपी, गोळ्या, कूस कधी बदलली हे सगळे लिहितात. पहिल्या पानावर पेशंट लिहा, म्हणजे रात्रपाळीची नवी मावशी आली तरी अडणार नाही. एका वहीचं पहिलं पान असं आहे: "बाई म्हणा. डाव्या कानाने ऐकू येतं. कवळी रात्री वाटीत, झाकण लावून. चहात साखर अर्धा चमचा, विचारलं तर एक सांगतात. पुरुष माणूस आला तर आधी पदर."